झोपाळ्याची शास्ती

आमच्या ले-आऊटच्या बगिच्यातला झोपाळा दिवाळीच्या सुमारास एका बाजूनं सुटला. साखळ्या दोन होत्या, एक उरली. तिला लोंबकळणारी बसायची पाटी वाऱ्यानं खांबावर आपटते आणि रात्रभर टण्ण... टण्ण. नातू विचारतो, "आजोबा, तिथं देऊळ बांधलं का?"

मी घराचा टॅक्स वेळेवर भरणारा माणूस. एकदाच चुकलो, तर महिन्याला २ टक्के शास्ती लागली. तेव्हापासून बीपीच्या गोळीआधी मी बिलाची आठवण काढतो. झोपाळ्याला उशीर झाला तर शास्ती कोणाला, हे मात्र बिलावर छापलेलं नाही.

तर चष्मा लावून बिल काढलं. माझ्या पैशातला बगिच्याचा वाटा तरी कळू दे. सामान्य कर, अग्निशमन, मलजल, पथकर, शिक्षण कर... बगिचा कुठंच नाही. मग वृक्षकर दिसला आणि जीव भांड्यात पडला. पण तो १९७५ च्या झाडं जपायच्या कायद्यातला, आणि आमचा झोपाळा लोखंडाचा. सौ. म्हणाली, "सामान्य करात असेल. जे कशातच बसत नाही, ते त्यात बसतं." तिला पटकन कळलं, कारण आमच्या घरी 'किराणा' या सदरात तिच्या बहिणीची साडीसुद्धा बसते.

त्याच संध्याकाळी कराचं गणितही समजून घेतलं. घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती येतील ते धरायचं, दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे, उरेल त्यावर कर. मग घरात तुम्ही स्वतःच का राहत असेना! म्हणजे इतकी वर्षं मी माझाच भाडेकरू होतो, आणि छत गळतं म्हणून सौ. कटकट करायची तेव्हा मालकासारखा कानाडोळाही मीच करत होतो.

दुसऱ्या दिवशी बिल घेऊन एक कार्यालय गाठलं. खिडकीतल्या बाईंनी ते उलटंसुलटं पाहिलं.

"भरलं आहे ना काकाजी? मग कायले आले?"

"बगिच्यातला झोपाळा..."

"बगिचा कोणाचा?"

"आमचा."

"तसं नाही हो. ताबा कोणाचा?"

नागपुरात हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. काही बगिचे महापालिकेचे, काही १९३६ च्या कायद्यानं आलेल्या सुधार प्रन्यास या शहर-विकासाच्या संस्थेचे, महाराजबाग तर कृषी विद्यापीठाची. "फाटकावरची पाटी पाहून या," बाई म्हणाल्या. गेलो. मालकाचं नाव गंजानं खाल्लेलं. 'फुले तोडू नये' तेवढं शाबूत होतं. फुलं नव्हती.

मग दुसरं कार्यालय. तिथल्या साहेबांनी भला मोठा नकाशा पसरला, आमच्या गल्लीवरून बोट फिरवत आणलं आणि नेमकं जिथं थांबवलं, तिथं चहाचा गोल डाग. "इथंच कुठंतरी असेल," ते म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, मी रोज तिथंच फिरतो." त्यांनी सहानुभूतीनं पाहिलं आणि मला पुन्हा पहिल्या कार्यालयात पाठवलं.

शेवटी सह्यांचा अर्ज केला. सकाळी फिरणाऱ्यांनी धडाधड सह्या ठोकल्या. हास्य क्लबवाल्यांनी हसत हसत केल्या, पण ते तर सगळंच हसत करतात. अडले ते बगिच्यासमोरचे भाऊसाहेब.

"तुमाले समजत नाही जी," त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "बगिचा चकाचक झाला का आजूबाजूचं भाडं वाढते. भाडं वाढलं का टॅक्स वाढते. आहे तसा राहू द्या ना! त्या टण्ण टण्णचे काही पैसे लागून राहिले का?"

मला उत्तरच सुचेना. हिशेब पक्का होता. त्यांच्या दृष्टीनं तो तुटका झोपाळा म्हणजे फुकटात मिळालेली करसवलत. वर त्यांची झोपायची खोली मागच्या बाजूला.

अर्ज फ्रिजवर पडून राहिला. मे उजाडला, कूलरला खस लागली, आणि कूलरच्या घरघरीत टण्ण टण्ण ऐकू येईनासं झालं. आमच्या प्रश्नांना उन्हाळा असाच मार्ग काढून देतो.

परवा पहाटे फिरायला गेलो तर झोपाळ्याच्या खांबाला तारेनं करकचून बांधलेली कोरी करकरीत पाटी: 'वरचा मजला भाड्याने देणे आहे. बगिच्यासमोर. हवेशीर.' खाली भाऊसाहेबांचा नंबर.

घरी येऊन चहाचा कप तोंडाला लावतो तोच फाटक वाजलं. भाऊसाहेब. हातात स्वतःचं पेन.

"तो अर्ज आहे का अजून? उद्या पार्टी घर पाहाले येऊन राहिली. त्यांची पोरगी चार वर्षांची आहे जी."

मी फ्रिजवरून कागद काढला. त्यांनी फुंकर मारून धूळ उडवली, सही केली आणि सगळ्यांच्या सह्यांच्या वर ठळक अक्षरांत लिहिलं: 'अत्यंत तातडीचे.'