जुन्या पिकअपचं मॅग्नेट ‘उतरलं’ म्हणणाऱ्यांना

जुन्या इलेक्ट्रिक गिटारच्या एखाद्या पिकअपचा, म्हणजे तारांची कंपनं टिपून त्यांचा विजेचा सिग्नल करणाऱ्या भागाचा, आवाज कमी येतोय म्हटलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं: ‘इतक्या वर्षांत मॅग्नेट उतरलं. मीटर लावा, सहा किलोओहमच्या खाली असेल तर पिकअप गेला. निओडायमियम मॅग्नेट घासा, नाहीच जमलं तर रिवाइंड करा.’ हा सल्ला ऐकून लोक नव्याने गुंडाळण्यासाठी (तेच रिवाइंड) चांगल्या कॉइल, म्हणजे पिकअपमधली बारीक तांब्याच्या तारेची वेटोळी, कापून टाकतात, याचा मला मनापासून त्रास होतो. म्हणून एकेक वाक्य घेतो.

‘मॅग्नेट उतरलं.’ पन्नास-साठच्या दशकातल्या नावाजलेल्या पिकअपमध्ये बहुतेक आल्निको असतं, म्हणजे लोखंडात अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळून केलेला मिश्रधातू. नुसतं वय झालं म्हणून त्याची ताकद जात नाही, दशकं उलटली तरी घट जेमतेम असते. उन्हातान्हाचं तर त्याला काहीच नाही. त्याचा खरा वैरी म्हणजे दुसरं मॅग्नेट. सुटे पिकअप तोंडाला तोंड लावून एका डब्यात पडले असतील किंवा कुणी जोरदार मॅग्नेट जवळ नेलं असेल, तर ताकद जाते आणि बहुधा सहाही पोलची (प्रत्येक तारेखालच्या चुंबकीय खुंटीची) सारखी जात नाही. बारीक लोखंडी स्क्रू प्रत्येक पोलला लावून बघा, मग त्याच गिटारच्या दुसऱ्या पिकअपला लावा. ओढ सारखीच वाटली तर मॅग्नेटवर आळ घेऊ नका.

‘सहाच्या खाली म्हणजे गेला.’ सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ओहम म्हणजे कॉइलच्या तारेचा रोध, आवाजाचं माप नव्हे. जुन्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचे पिकअप साडेपाच ते साडेसहा किलोओहमच्या दरम्यान सहज सापडतात आणि खणखणीत वाजतात. टेलिकास्टर गिटारमध्ये मानेकडच्या, म्हणजे नेक पिकअपच्या कॉइलची तार दुसऱ्या टोकाच्या ब्रिज पिकअपपेक्षा बारीक असते, म्हणून वेढे कमी असूनही मीटरवर तो ब्रिजच्या बरोबरीला येतो. शिवाय तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांना ६ किलोओहम दाखवणारा पिकअप ३० अंशांना ६.२४ दाखवेल. तेवढ्याने काही तो जोरात वाजायला लागत नाही!

मीटरचा उपयोग वेगळा आहे. रीडिंग आलंच नाही तर कॉइल कुठेतरी तुटली आहे. गंमत म्हणजे तुटलेली कॉइलसुद्धा पूर्ण गप्प बसत नाही, वेढ्यांमधल्या कपॅसिटन्समधून (तार न जुळताही थोडा सिग्नल पलीकडे जातो) पातळ, किरटा आवाज येत राहतो आणि लोक त्यालाच ‘कमजोर मॅग्नेट’ म्हणतात. हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, नेहमीच्या साधारण आठऐवजी चार किलोओहम दाखवत असेल तर एक कॉइल शॉर्ट झाली असणार, कारण दोन्ही एकामागोमाग जोडलेल्या असतात. थोडेच वेढे आपसात शॉर्ट असतील तर मात्र रीडिंग जवळपास ठीक दिसतं आणि आवाजातली धार गेलेली असते. तिथे इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला कॉइल करते तो विरोध) मोजून जोडीच्या पिकअपशी ताडून बघावं लागतं.

आणि मोजायचं कुठे? माझ्याकडे साठच्या दशकातली, एकेका कॉइलचे तीन पिकअप असलेली एक गिटार आली होती. मधला पिकअप दबलेला, तोंडावर उशी ठेवल्यासारखा. ‘मॅग्नेट गेलं’ हा निकाल आधीच लागला होता. जॅकमध्ये केबल घालून, व्हॉल्यूम पूर्ण उघडून मोजलं, तर मीटर कधी ७०, कधी १२० किलोओहम दाखवी. स्विच जरासा हलवला की आकडा पळे. मग पिकअपची वायर स्विचवरून सोडवली आणि थेट तिच्यावर मीटर लावला: ५.७, स्थिर. स्विचच्या पात्यावर काळा थर चढला होता. काँटॅक्ट क्लीनर मारून स्विच वीसेक वेळा मागेपुढे केला, वायर परत जोडली आणि पिकअप शेजाऱ्यांच्या बरोबरीने बोलू लागला.

त्या ठरलेल्या उत्तरात स्विच, पॉट (व्हॉल्यूम-टोनचं फिरतं बटण), जॅक यांचं नावच नसतं. पिकअपची उंचीही नसते. स्क्रूखालची रबरी नळी जुनी होऊन मरते आणि पिकअप खाली बसतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पोल आणि तारेतलं अंतर मोजा. दोन-अडीच मिलिमीटरच्या बरंच पुढे असेल तर आधी स्क्रू फिरवा. दोन पिकअप एकेकटे ठीक आणि एकत्र केले की पोकळ वाटत असतील, तर त्यांची फेज उलटी आहे, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्याचा काटतो. ब्रॉन्झच्या तारा चढवल्या असतील तर फक्त जाड तारा दबतील, कारण ब्रॉन्झ मॅग्नेटला दाद देत नाही.

‘निओडायमियम घासा.’ आल्निको जितक्या सहज भारलं जातं तितक्याच सहज बिघडतं. हातातल्या हातात घासलंत तर एखादा पोल उलटा, एखादा अर्धवट. मॅग्नेट खरंच कमी झालं असेल तर आधी होकायंत्राने दिशा नोंदवा, पिकअप बाहेर काढा आणि दोन मोठ्या मॅग्नेटच्या विरुद्ध ध्रुवांमध्ये सहाही पोल एकदम धरा. पूर्ण पिकअप चुकून उलटा भारला गेला, तर बाकीच्यांशी फेज जुळणार नाही.

‘रिवाइंड करा.’ कधी कधी करावंच लागतं, ते मी नाकारत नाही. पण आधी भिंगाखाली वायरच्या टोकाशी असलेले दोन आयलेट (धातूच्या बारीक कड्या) बघा. कॉइलची तार साधारण ०.०६ मिलिमीटरची, केसासारखी, आणि पुष्कळदा ती नेमकी तिथेच तुटते. बाहेरचं टोक असेल तर एक वेढा उलगडून पुन्हा सोल्डर करता येतो. आतलं टोक मॅग्नेटच्या गंजाने खाल्लं असेल, तरच कॉइल काढायची वेळ आली समजा. तेव्हाही रिवाइंड करणाऱ्याकडून जुने वेढे मोजून, गुंडाळण्याची दिशा आणि तारेची जाडी लिहून घ्या. मॅग्नेट मात्र बॉबिनमधून (ज्यावर कॉइल गुंडाळलेली असते त्या सांगाड्यातून) ठोकून काढू देऊ नका.