इष्ट पात्रता

पुण्यात जीवशास्त्र शिकलेल्या माणसाला संस्थांची ददात नाही. पाषाणला एनसीएल आणि आयसर, विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस, आगरकर रस्त्यावर आघारकर, शिवाय एनआयव्ही आहेच. एका सकाळीत सगळ्यांची फाटकं बाहेरून बघून होतात. आत शिरायला प्रोजेक्टवरच्या तात्पुरत्या नोकरीची जाहिरात लागते.

त्यातली 'आवश्यक पात्रता' म्हणजे एम.एस्सी., ती सगळ्यांकडे असते. खरी मेख 'इष्ट'मध्ये. प्रयोगासाठीचे झेब्राफिश मासे सांभाळण्याचा अनुभव, कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर बसलेला हात, वर आर भाषेत प्रोग्रॅमिंग. हे तिन्ही एकाच अंगात असलेला माणूस बहुधा एकच असतो आणि तो त्याच लॅबमध्ये आधीपासून राबत असतो. जाहिरात त्याच्या मापाने शिवलेली असते. आपण ती घालून बघायला जातो, इतकंच.

वॉक-इन मुलाखतीला नऊ वाजता हजर राहायचं. प्रवासभत्ता मिळणार नाही, हे मात्र जाहिरातीत ठळक अक्षरात. कॉरिडॉरमध्ये मागच्या वॉक-इनचेच चेहरे. इथे 'कशी आहेस?' असं कुणी विचारत नाही, 'नेटचं काय झालं?' विचारतात. नेट म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठीची राष्ट्रीय परीक्षा. तिच्या क भागात ७५ प्रश्नांतले २५ सोडवायचे, प्रश्न चार गुणांचा, चुकलं की एक गुण वजा. निम्मा वेळ आपल्याला काय येत नाही हे ठरवण्यातच जातो. पण जेआरएफ, म्हणजे ती शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार, वर घरभाडं. म्हणून सगळे पुन्हा बसतात.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरचा उमेदवार उठला. 'जरा प्रयोगातलं जेल बघून येतो,' म्हणाला. मी त्याच्या पायांकडे पाहिलं. लॅबमधल्या निळ्या चपला. आम्ही सगळ्यांनी फायली मिटल्या आणि डबे उघडले.

तरी मुलाखत द्यावी लागतेच. माझी रीतसर झाली. "मध्येच पीएचडीला सोडून जाणार नाही ना?" सरांनी काळजीने विचारलं. पद सहा महिन्यांचं होतं.

मला शेवटी दुसरीकडे काम लागलं, कारण तिथला चपलावाला आदल्याच आठवड्यात पीएचडीसाठी जर्मनीला गेला. इष्टपैकी मला एकही गोष्ट येत नव्हती. सर म्हणाले, "शिकाल." मासे पहिल्या आठवड्यात माझ्यापेक्षा शांत होते.

मग खोली बघायला कोथरूडला गेले. घरमालक काकांनी नियुक्तिपत्र चष्मा कपाळावर चढवून वाचलं. 'निव्वळ तात्पुरती' या शब्दांवर बोट ठेवलं.

"करार अकरा महिन्यांचा असतो. तुमची नोकरी सहाची. उरलेले पाच महिने?"

"मुदतवाढ मिळते, काका."

"कोण देतं?"

"प्रोजेक्टचे पैसे दिल्लीहून येतात. ते आले की..."

"वेळेवर येतात?"

मी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे पाहत राहिले. काकूंनी चहा आणून ठेवला. वैज्ञानिक मुलगी मिळाली म्हणून त्या खूश होत्या आणि गच्चीतल्या कढीपत्त्यावरचा मावा दाखवायला मला केव्हा नेता येईल, याचा त्यांना घोर होता.

"असं करा," काका पत्राची घडी घालत म्हणाले, "डिपॉझिट दुप्पट द्या. नाहीतर दिल्लीला सांगा जामीन राहायला."