नोकरी नको म्हणत नोकरी कशी मिळवावी

साल १७८९. जनरल वॉशिंग्टन यांनी ३० एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेचे पहिले अध्यक्ष म्हणून शपथ घेतली आहे, बंदरोबंदरी जकात वसुलीच्या जागा निघणार आहेत, आणि तुम्हाला त्यातली एक हवी आहे. हवी आहे असं मात्र चुकूनही लिहू नका. राजाला हाकलून उभं केलेलं राज्य आहे हे. इथे पद मागतो तो लोभी, आणि ज्याच्या गळ्यात पडतं तो देशभक्त. तेव्हा लिहायचं की मी आपला शेतावर सुखात होतो, पण मित्रमंडळी ऐकेनात. मित्रमंडळी वजनदार असावीत.

पुढे युद्धातली जखम. त्यापुढे काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, कागदी नोटा, ज्यांची घरात रद्दी झाली. मग मुलं. असतील तेवढी सगळी मोजा. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीही धरा, साहेब घरी येऊन पाहणार नाहीत.

साहेबांशी नातं असेल तर ते शक्य तितकं लपवा. सख्खा पुतण्या बुशरॉड याने काकांकडे व्हर्जिनियातलं सरकारी वकिलाचं पद मागितलं. काकांनी कळवलं, माझ्यावर हजार डोळे रोखलेले आहेत, आप्तांची सोय लावली असं कुणाला म्हणता येता कामा नये. पोरगा खट्टू झाला असणार. पण नऊ वर्षांनी, काका पायउतार झाल्यावर, नवे अध्यक्ष अ‍ॅडम्स यांनी त्याला थेट सुप्रीम कोर्टात न्यायाधीश म्हणून बसवलं. आडनाव तेच होतं, फक्त देणारा हात दुसरा.

साहेबांनी होकार दिला म्हणून पेढे वाटायची घाई नको. बेंजामिन फिशबर्न लढाईत उतरलेला माणूस. जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना बंदरावरच्या जागेसाठी खुद्द वॉशिंग्टननी त्याचं नाव सिनेटकडे, म्हणजे नेमणुकांना मंजुरी देणाऱ्या वरिष्ठ सभागृहाकडे, धाडलं. जॉर्जियाचे सिनेटर जेम्स गन यांनी पाचर मारली आणि सिनेटने नाव परत पाठवलं. अशी वेळ आलेला हा पहिलाच. साहेब चिडले, दुसऱ्या दिवशी सिनेटला सुनावलं आणि त्याच पत्रात दुसऱ्याचं नाव सुचवून मोकळे झाले. म्हणून आधी आपल्या राज्याच्या सिनेटरच्या दारी चपला झिजवा.

काम चांगलं केलं तर जागा टिकते, असं म्हणणारे भेटतील. त्यांना बाल्टिमोरला पाठवा. तिथे मेरी कॅथरीन गोडार्ड १७७५ पासून पोस्टमास्तर. छापखानाही त्यांचाच. सही करणाऱ्यांच्या नावांसकट स्वातंत्र्याचा जाहीरनामा पहिल्यांदा छापला तो त्यांनी. युद्धाच्या काळात टपालस्वारांना द्यायला सरकारकडे पैसे नसत, तेव्हा बाईंनी पदरचं खणखणीत नाणं मोजलं. चौदा वर्षांनी त्यांना काढलं. कारण? या जागेला आता फिरती जास्त, बाईमाणसाला झेपायची नाही. गावातल्या दोनशेवर लोकांनी सह्या करून अर्ज दिला. बाईंनी स्वतः वॉशिंग्टनना लिहिलं. उत्तर आलं, पोस्टाच्या नेमणुकांत मी लक्ष घालत नाही. फिरती वाढली असेलही. जागा मात्र पोस्टमास्तर जनरलच्या ओळखीतल्या माणसाकडे गेली.

नेमणुकीचा कागद निघाला तरी तो हातात पडेपर्यंत टेबलापासून हलू नका. १८०१ च्या मार्चमध्ये जॉर्जटाउनच्या विल्यम मार्बरींचा कागद निघाला, सही झाली, मोहोर उठली, आणि पाठवायचा राहून गेला. पाठवायचं काम परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल यांचं. नवे अध्यक्ष जेफरसन म्हणाले, राहू द्या तिथेच. मार्बरी कोर्टात गेले. सरन्यायाधीश कोण? तेच मार्शल! १८०३ मध्ये निकाल लागला: तुमचा हक्क शंभर टक्के खरा, पण ज्या कायद्याने तुम्ही थेट आमच्याकडे आलात तो कायदाच घटनेत बसत नाही. या निकालावर वकिलांच्या पिढ्या जगल्या. मार्बरींना कागद मिळाला नाही.

आता मुख्य अडचण, जागा रिकामी कशी व्हायची? जेफरसननी १८०१ च्या जुलैत न्यू हेवनच्या व्यापाऱ्यांना लिहून ठेवलंय की मरणाने जागा थोड्याच रिकाम्या होतात आणि राजीनाम्याने एकही नाही. हे व्यापारी भडकले होते, कारण त्यांच्या बंदराचा कलेक्टर काढून तिथे सत्त्याहत्तर वर्षांचे सॅम्युअल बिशप नेमले होते. (हा कलेक्टर जिल्ह्याचा नव्हे, नुसता जकातीचा. रुबाब मात्र कमी समजू नका.) म्हातारबुवांचे डोळे अधू झालेत, हिशेब कसले बघणार, ही तक्रार. जेफरसन म्हणाले, आपले बेंजामिन फ्रँकलिन याहून म्हातारे असतानाही मानवजातीचं भूषण होते. म्हातारबुवांचा मुलगा अब्राहम निवडणुकीत जेफरसनच्या बाजूने जोरदार भाषणं करत होता, हे काही त्यांनी लिहिलं नाही.

१८०३ मध्ये म्हातारबुवा वारले. कलेक्टर झाला अब्राहम.

तेव्हा भाषणं पाठ करायला घ्या, आणि घरात कोणी सत्तरी ओलांडलेलं असेल तर त्यांचं नाव आजच कळवून टाका.