मोहरीसुद्धा निवडून काढतो हो हा माणूस

रविवारी वालाचं बिरडं केलं. आज बुधवार. अजून डोकं शांत झालेलं नाही, म्हणून लिहितेय. ज्यांना "एवढ्याशा गोष्टीवरून काय गं" असं वाटतंय त्यांनी आधी वाटीभर कडवे वाल सोलून दाखवावेत, मग बोलावं.

शुक्रवारी रात्री वाल भिजत घातले. शनिवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधले. थंडीत मोड लवकर येत नाहीत, म्हणून ते गाठोडं पोळ्यांच्या गरम डब्यात ठेवलं आणि पोळ्या ठेवल्या साध्या ताटात, फडक्याखाली. (त्यावर "आज पोळ्या गार का?" हे ऐकून झालं, ते वेगळं.) रविवारी सकाळी मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकले आणि बसले सोलायला. एकेक वाल चिमटीत धरून दाबायचा, की डाळिंबी सुळकन बाहेर येते. जोर जास्त झाला तर मोड तुटतो, कमी झाला तर साल तशीच. पाऊण तास हेच. बोटांची टोकं धुण्याला बसल्यासारखी सुरकुतली. मग कांदा परतून, ओलं खोबरं वाटून, आमसूल आणि गुळाचा खडा घालून मंद आचेवर शिजवायचं. कुकरला लावायचं नाही, पिठलं होतं. झाकणावर पाणी ठेवायचं आणि तेच गरम झालेलं पाणी थोडं थोडं आत सोडायचं. डाळिंबी शिजली पाहिजे पण फुटता कामा नये. माझी आई अलिबागकडची. तिच्या बिरड्यात अख्खी डाळिंबी जिभेवर विरघळते. रविवारी माझंही तसं झालं होतं. चार वर्षांत पहिल्यांदा.

ताट वाढलं. नवऱ्याचा पहिला घास. नाकाच्या शेंड्याजवळ ती ओळखीची आठी.

"हे जरा कडवट लागतंय का?"

कडवे वाल आहेत ते! नावातच आहे! पेढ्यासारखे लागणार आहेत का?

मग सुरू झालं उत्खनन. आधी कढीपत्ता, एकेक पान उचलून ताटाच्या काठाला. मग मिरचीचे तुकडे. मग आमसूल, दोन बोटांत धरून, मेलेलं झुरळ उचलावं तसं. कांदा मी मुद्दाम बारीक चिरला होता, तरी सापडलाच. आणि शेवटी, मी देवाशपथ सांगते, चमच्याच्या टोकाने मोहरी. एकेक दाणा. मी मोजले, चौदा. या माणसाला मिठाच्या डब्यात साखर गेलेली कळत नाही, स्वतःचा चष्मा डोक्यावर असताना घरभर शोधतो, पण ताटातली मोहरी याला दिसते. काठावर सगळा ढीग रचून झाल्यावर उरलेलं बिरडं कडेला सारलं आणि विचारलं काय, तर "लोणचं आहे का?"

रात्री दहा वाजता किचनमधून खुडबुड ऐकू आली. जाऊन बघते तर मॅगी शिजतेय.

मला राग कशाचा आला सांगू? वाल सोलत बसले होते तेव्हा हा पाणी प्यायला आला होता. "काय करतेयस?" म्हणाला. "बिरडं." "अच्छा," म्हणाला आणि मॅच बघायला गेला. तेव्हा सांगता आलं नसतं? पाऊण तास वाचला असता माझा. पण नाही. बोलायचं ते ताटावर बसल्यावरच.

आता तुम्ही म्हणाल, नाही आवडत एखाद्याला वाल. कबूल. यादी द्या, मी ती फ्रीजवर चिकटवते. पण यादी असेल तर ना! टोमॅटो चालत नाही, केचप बाटलीभर चालतो. ढोबळी मिरची चालत नाही, पिझ्झ्यावरची चालते. नारळ भाजीत नको, डोशाबरोबर चटणी तीन वाट्या. कोकम आंबट लागतं, पाणीपुरीच्या भैय्याला मात्र "और खट्टा" म्हणून दोनदा सांगतो. पालक चालत नाही, पालक पनीर चालतं, पण पनीर संपलं की उरलेला हिरवा भाग माझ्या ताटात येतो.

आणि वांगं. वांगं या घरात येत नाही. वांग्याच्या बिया दाताखाली येतात म्हणे, साल चिवट लागते म्हणे. माझ्या हातचं भरलं वांगं माहेरी पाहुणे मागून खायचे, ते मी इथे एकदा केलं आणि दोन दिवस एकटीने संपवलं. तर मागच्या महिन्यात लग्नाचा वाढदिवस म्हणून आम्ही एका बऱ्यापैकी हॉटेलात गेलो. भारी खुर्च्या, मेणबत्ती वगैरे. यानेच काहीतरी अरबी थाळी मागवली. त्यात एका वाडग्यात बाबा गनूश. याने ब्रेडचा तुकडा बुडवला, डोळे मिटले, "सॉलिड आहे हे!" म्हणाला आणि वाडगा चाटूनपुसून संपवला. मी शांतपणे संपू दिला. मग सांगितलं, "वांग्याचं भरीत आहे ते. वांगं भाजून सोलून त्यात तिळाचा लगदा आणि लिंबू. आपण दाण्याचं कूट आणि दही घालतो, ते तीळ घालतात."

दोन सेकंद शांतता. मग म्हणाला, "हो, पण हे वेगळं आहे."

काय वेगळं आहे? बिल वेगळं आहे! चारशे रुपयांचं भरीत गोड लागतं, माझ्या गॅसवर भाजलेल्या वांग्याला मात्र "जळका वास येतोय". नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, पण मी तर आवडती आहे ना? लव्ह मॅरेज आहे आमचं!

"मग त्याच्या आवडीचंच करत जा," असं सांगणाऱ्या मावश्या मला पावलोपावली भेटतात. करते की. साधं वरण, भात, बटाट्याच्या काचऱ्या. चार पदार्थ नीट आवडतात त्यातले हे तीन. चौथी भेंडी. पण आवडीच्या पदार्थांनाच अटी जास्त! वरण घोटलेलं हवं, पण पातळ नको, त्यात टोमॅटो नको, हिंग हवा पण वास नको. (हिंगाचा वास काढून उरतं काय? पावडर?) काचऱ्या पातळ हव्यात पण मोडलेल्या नकोत, कडेने लाल, मधे मऊ. भेंडी गोल चिरलेली चालते, उभी चिरलेली बुळबुळीत लागते. भेंडी तीच, विळी तीच, चिरणारी मीच. दही आजच लागलेलं हवं, कालचं आंबट होतं. आणि हे सगळं जमलं, सगळं अगदी बरोबर झालं, तरी आठवड्यातून तिसऱ्यांदा तेच ताट समोर आलं की सुस्कारा टाकून विचारतो, "रोज रोज बटाटाच का करतेस गं?"

रोज संध्याकाळी लोकलमध्ये एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हाताने मी मेसेज टाइप करते, रात्री काय करू. उत्तर येतं, "काहीही चालेल." या जगात इतकं खोटं दुसरं वाक्य नाही. त्याचं काहीही म्हणजे बंद खोलीत कुलूप लावून ठेवलेला एक पदार्थ, तो मी अंदाजाने ओळखायचा आणि चुकले की मॅगी.

डबा ही आणखी एक कथा. सकाळी सातला भरलेला डबा संध्याकाळी उघडला की आत भाजी जशीच्या तशी, फक्त पोळ्या गायब. "आज मीटिंग होती." दर मंगळवारी, कोबीच्या दिवशीच कशी मीटिंग लागते? बारा तास बंद डब्यात बसलेल्या कोबीचा वास काय असतो हे मी सांगत नाही, तुम्ही जेवत असाल.

बरं, सासूबाईंना तरी दोष द्यावा म्हटलं तर तीही सोय नाही. मी सुरुवातीला फोन करून विचारलं होतं, आई, याला आवडणारी आमटी तुम्ही कशी करता? त्या एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. म्हणाल्या, "अगं, मी लग्न होईपर्यंत दोन भाज्या केल्या. एक घराला, एक त्याला. लग्न ठरलं तेव्हा मनात म्हटलं, सुटले." सुटले! इतक्या मोकळेपणाने म्हणाल्या की मला त्यांच्यावर चिडताही येईना. पण आई, हे लग्नाआधी सांगायला काय झालं होतं? पत्रिका जुळवली, रक्तगट विचारले, भाज्यांचं कुणी विचारलंच नाही.

मधे याने मला मोबाईलवर एक लेख पाठवला. विषय काय, तर काही लोकांना कोथिंबीर साबणासारखी लागते आणि त्याचा संबंध जनुकाशी आहे. २०१२ साली हजारो लोकांच्या डीएनएवरून ते दिसलं, वास ओळखणाऱ्या ओआर६ए२ नावाच्या जनुकाच्या आसपास काहीतरी फरक असतो, कोथिंबिरीत जी आल्डिहाइडं नावाची रसायनं असतात तसलीच साबणाच्या वासातही असतात वगैरे. खाली याची टीप, "बघ, माझी चूक नाही." मी वाचलं. सगळं पटलं. मग विचारलं, की बाबा रे, तू परवा सहा कोथिंबीर वड्या खाल्ल्यास, त्या कशाच्या होत्या? तर म्हणे वाफवून तळल्यावर ती आल्डिहाइडं उडून जातात. आता हे खरंही असेल काही प्रमाणात, म्हणूनच तर जास्त संताप! ज्या माणसाला वरण उतू जाताना गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा कळत नाही, तो मला माझ्याच ओट्यापाशी उभा राहून रसायनशास्त्र शिकवतोय.

एक सांगते, कारण कुणीतरी म्हणणारच. काही लोकांना अन्नाचा खरोखर त्रास असतो. पोत, वास सहनच होत नाही, वजन उतरतं, चारचौघांत जेवायची भीती वाटते. त्याला एआरएफआयडी म्हणतात, म्हणजे अन्न टाळण्याचा आजार. २०१३ पासून डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकन सूचीत त्याची रीतसर नोंद आहे. एका रात्री मी जागून ते सगळं वाचलं, कारण मला वाटलं याला तसं काही असेल तर माझीच चूक होतेय. त्या लोकांना एक अक्षर बोलायची माझी छाती नाही. पण आमच्याकडचा त्रास हॉटेलच्या दारात चपला काढल्यासारखा बाहेर राहतो. तो फक्त घरच्या ताटात येतो.

मैत्रिणी म्हणतात, लपवून घाल. अगं, अडतीस वर्षांचा माणूस आहे तो, अडीच वर्षांचा नाही. तरीही केलं. थालिपिठात दुधी किसून घातला, भाजणी वाढवली, तीळ लावले, भरपूर लोणी ठेवलं. दोन घास खाऊन थांबला. "आज थालीपीठ मऊ का लागतंय?" म्हणाला आणि मधोमध फाडून उजेडात धरलं. उजेडात! बनावट नोट तपासतात तसं. दुधीची एक हिरवी काडी सापडली आणि मी चोर ठरले. पुढचे पंधरा दिवस प्रत्येक थालीपीठ बल्बखाली जाऊन आलं.

आणि या सगळ्यात माझं काय झालं ते कुणी विचारत नाही. मला अळूचं फदफदं आवडतं, मुळ्याचा पाला आवडतो, शेवग्याच्या शेंगा चोखून चोखून खायला आवडतात. सुकट तर जीव की प्राण. आई दर फेरीला पिशवी भरून देते, वाल, सुकट, पांढऱ्या कांद्याची माळ. ती माळ खिडकीला टांगलेली आहे आणि मी कच्चा कांदा लपूनछपून खाते, कारण "तोंडाला वास येतो". सुकट भाजायला घेतली की हा सगळ्या खिडक्या उघडतो, पंखा पाचवर, दोन उदबत्त्या. सुकट आणि मोगरा मिळून जो वास होतो तो खरा असह्य असतो. जानेवारीत माहेरी पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, अंडी, मडकं उपडं घालून वरून जाळ. अख्खी आळी अंगणात जमली होती, हात काळे करून शेंगा सोलत होती. जावईबापू ओटीवर बसून ब्रेड-बटर खात होते. आई मला आत बोलावून हळूच म्हणाली, "काय गं, बरं नाही का त्यांना?"

रोज रात्री फोनवर तिचा पहिला प्रश्न, काय केलंस आज? मी म्हणते, अळू केलं, वांगी केली. खोटं. चार वर्षं काचऱ्या चाललेत.

म्हणून आज ठरवून आल्या आल्या वाल भिजत घातले. एक वाटी. एका माणसाचे. शनिवारी ऑफिसला दांडी आहे, सावकाश सोलेन, टीव्हीसमोर बसून, रिमोट माझ्या हातात. मी हे टाइप करत असताना तो आत्ताच किचनमध्ये जाऊन आला. पातेल्यावरचं झाकण उचलल्याचा आवाज आला.

"परत वाल? मग मला काय?"

म्हटलं, दहीभात कालव.

तर म्हणतो, "दही आंबट नाहीये ना?"