हातचं सोडून पळत्याच्या पाठी

लेकीच्या प्रवेशाचा अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण गेली वीस-पंचवीस वर्षं मी वेबसाइटी बनवून पोट भरतो. "तुमचंच खातं ना ते," असं म्हणून बायकोनं फोन माझ्या हातात दिला. लॅपटॉपचा चार्जर लेक मैत्रिणीकडे विसरून आली होती, तेव्हा जे काय करायचं ते फोनवरच.

कॉलेजचं नाव सांगत नाही. मला याच गावात राहायचंय.

पान उघडलं आणि जत्रेत शिरल्यासारखं झालं. वर कॉलेजचं बोधचिन्ह स्वतःभोवती गरगरत होतं. बाजूला लाल-पिवळं 'न्यू' लुकलुकत होतं, तेही एक नव्हे, मोजून अकरा. त्यातलं एक 2019च्या क्रीडा महोत्सवाच्या सूचनेपुढे अजून ताजंतवानं होतं. मधोमध प्राचार्यांचे फोटो सरकत होते: शाल घेताना, शाल देताना, नारळ हातात धरून दोन्हींची वाट बघताना. आणि या सगळ्याच्या खाली, निळ्या पट्टीवरून, आम्हाला हवी ती सूचना चालली होती. 'प्रथम वर्ष प्रवेश अर्जासाठी येथे क्लिक करा.'

चालली होती म्हणजे शब्दशः चालली होती. उजवीकडून आली, डावीकडे गेली.

मी 'येथे' हेरून बोट टेकवलं. तोवर 'येथे' पुढे निघून गेलं होतं आणि बोटाखाली 'ग्रंथालय सोमवारी बंद राहील' आलं होतं. ग्रंथालयाची पीडीएफ उघडली. ती मिटवून परत आलो तर पट्टी पुन्हा पहिल्यापासून सुरू. दुसऱ्या खेपेला उडत्या पाखरावर नेम धरतात तसं जरा पुढे बोट धरलं. लवकर टेकलं, आणि पाणी थंड करायच्या मशीनच्या दुरुस्तीची निविदा उघडली. तिसऱ्या खेपेला बायको मदतीला आली. ती पट्टीवर नजर ठेवून "आली... आली... हाणा!" म्हणणार आणि मी हाणणार, असं ठरलं. हाणलं. पुन्हा निविदा. आतापर्यंत त्या मशीनच्या अटी-शर्ती मला तोंडपाठ झाल्या होत्या. वेळ पडली तर भरलीही असती.

"कॉम्प्युटरवर तर थांबते की ती," लेक म्हणाली.

थांबते. आणि का थांबते हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं, म्हणून मी गप्प बसलो. त्या पट्टीच्या कोडमध्ये एक तुकडा असतो: माउस वर आला की थांब, गेला की चाल. हा तुकडा मी स्वतःच्या हातानं शेकडो ठिकाणी चिकटवलाय. फोनला माउस नसतो. बोट एकतर टेकतं नाहीतर टेकत नाही, अधांतरी तरंगायची सोय बोटाला नाही. म्हणजे थांबवायचा उपाय होता, फक्त तो ज्या यंत्रावर होता ते यंत्र चार्जरविना पडलेलं होतं.

हे सगळं माझ्याच कर्माचं फळ. 2003 साली इचलकरंजीच्या एका सूत व्यापाऱ्यांची साइट मी केली. स्वच्छ, सुबक, पांढऱ्यावर काळी अक्षरं. शेठनी ती दोन मिनिटं न्याहाळली आणि म्हणाले, "पैसे दिल्यात न्हवं? मग काय तरी हललं पायजे की." मी एक फिरता पृथ्वीचा गोल घातला. मग तेवती समई. मग माउसच्या मागं शेपटीसारख्या फिरणाऱ्या चांदण्या. शेवटी एक पट्टी: 'आमचे येथे सर्व काउंटचे सूत मिळेल.' गोलाचे 300 रुपये, पट्टीचे 150. समई दिवाळीभेट म्हणून फुकट. टेलिफोनच्या तारेवरच्या त्या काळच्या इंटरनेटवर पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक सूत घेऊन घरी गेलं असतं, पण शेठ खूश.

ही पट्टी 1995मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररनं आणली. लुकलुकणारी अक्षरं त्याच्या थोडी आधीची, नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीची. तिथल्या लू माँटुली नावाच्या इंजिनियरनं बारमध्ये बसल्या बसल्या सहज एक कल्पना बोलून दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर कुणीतरी रात्रीत ती खरीच करून ठेवलेली. आपल्याकडे बारमध्ये ठरलेलं सकाळी कुणाला आठवत नाही, हे किती बरं आहे! लुकलुक निदान मेली. 2013मध्ये फायरफॉक्सनंही ती काढून टाकली. पट्टीला मात्र मरण नाही. नियमांच्या पुस्तकात ती कधीच बाद झालीय, तरी सगळीकडे चालते, सहा आसनी रिक्षेसारखी.

लिंक मिळेना म्हटल्यावर निदान शेवटची तारीख तरी कळावी म्हणून मी सरकत्या फोटोंकडे वळलो. चौथ्या फोटोवर, शालीच्या बरोबर खाली, बारीक अक्षरांत ती होती. 'अर्ज स्वीकारण्याची अंतिम मुदत 15 जु' एवढं वाचलं आणि फोटो सरकला.

आता पुढे 'न' होतं की 'लै'? पाच शालींनंतर तो फोटो पुन्हा आला. या वेळी मी सरळ शेवटच्या शब्दाकडे बघायचं ठरवलं होतं, पण नेमकं डोळ्याच्या कडेला एक 'न्यू' लुकलुकलं, नजर तिकडे गेली, आणि मुदत पुन्हा निसटली. लेकीला मात्र उकार दिसला होता. "बाबा, जु पहिला होता." म्हणजे जुलै. जून असता तर दीर्घ असता. मुलीचं अख्खं शैक्षणिक भवितव्य ऱ्हस्व-दीर्घावर येऊन ठेपलं, आणि ज्यांनी वरच्या ओळीत 'महाविद्यालयीन'मधला 'वि' दीर्घ काढला होता त्यांच्या ऱ्हस्वावर आम्ही विसंबायचं होतं.

नजर अशी घसरते त्यात माझा दोष नाही. हात लांब करून अंगठा धरला तर अंगठ्याच्या रुंदीएवढाच भाग डोळ्याला नीट दिसतो, वाचता येतो. बाकीच्या कडेला अक्षरओळख नाही, पण हालचाल तिला बरोबर कळते. झाडीत काही हललं तर आधी मान वळावी, वाचन नंतर. रानात ही सोय लाखमोलाची होती. आता वाघ येत नाही, 'न्यू' येतं, आणि मान अकरा वेळा वळते. बाराव्या वेळी वळतच नाही. मन त्या सगळ्या भागावरच पडदा टाकतं. 1998 साली बेनवे आणि लेन या दोन संशोधकांनी हे तपासून पाहिलं होतं: ठळक पट्ट्यात ठेवलेली हवी ती लिंकसुद्धा शोधणाऱ्याला दिसत नव्हती.

सरकत्या फोटोंचीही तीच गत. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या मुखपृष्ठाचे आकडे 2013मध्ये बाहेर आले होते. शंभरातला जेमतेम एक जण त्या फोटोंवर क्लिक करायचा, आणि क्लिक करणाऱ्यांतले 84 टक्के पहिल्याच फोटोवर. चौथी शाल कोण बघणार? पण फोटो सरकतात ते बघणाऱ्यांसाठी नव्हेच. पाच विभागप्रमुख असतात आणि पहिलं पान एकच असतं, म्हणून सरकतात. अशा पाच बैठकांना मी चहा प्यालोय.

बरं, नियम आहेत. आपोआप सुरू होणारं, पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ बाकीच्या मजकुराशेजारी हलणारं काही असेल तर ते थांबवायची सोय द्या, असं वेबसाइटींच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत 2008पासून लिहिलंय. माझ्या फोनमध्येही 'हालचाल कमी करा' असं बटण आहे. मागच्या थंडीत कानातला तोल बिघडून मला चक्कर यायची, तेव्हापासून ते चालूच ठेवलंय. सभ्य पानं त्याचा मान राखतात. आमची पट्टी राखेना.

मुदत पक्की करायला मी एका बातम्यांच्या पानावर गेलो. 'सविस्तर वाचा'वर बोट नेलं आणि तेवढ्यात वरून एक जाहिरात उतरली, सगळं पान टिचकीभर खाली सरकलं, आणि बोट पडलं 'स्थळ नोंदवा'वर. अशा उड्या मोजायचं माप गुगलनं 2020मध्ये काढलंय. माझ्या उडीचं माप आठवडाभर फोनवरून आलं. तिसऱ्या दिवशीचा फोन बायकोनं उचलला. "वर आहेत ना घरी?" पलीकडून विचारलं. "आहेत," ती म्हणाली, "पण वापरलेले. चालतील का?"

अर्ज शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी झेरॉक्सवाल्यांकडे भरला. काउंटरवरच्या मुलीच्या मागे भिंतीवर सेलोटेपनं एक कागद चिकटवला होता. त्यावर बॉलपेननं गावातल्या सगळ्या कॉलेजांच्या लिंका लिहिल्या होत्या, प्रत्येकीपुढे मुदत. आमच्यापुढे 15 जुलै. कागद तसूभरही हलत नव्हता. वर पंखा होता, पण तो बंद होता. पाच मिनिटांत काम झालं, 50 रुपये घेतले.

"तुला ती पट्टी सापडली कशी गं?" मी विचारलं.

"पट्टी कोण वाचतंय, काका? ती आपली असते."

पावती घेऊन बाहेर पडतोय तोच इचलकरंजीहून फोन. शेठ आता थकलेत, धंदा मुलगा बघतो. गेल्याच महिन्यात त्याला मी नवी साइट करून दिली होती, पांढऱ्यावर काळी अक्षरं.

"काका, साइट झ्याक झालीय," तो म्हणाला. "पण पप्पांस्नी जरा गपगार वाटालीय. काय तरी हललं पायजे म्हणत्यात."

मी हातातल्या पावतीवरची फी पुन्हा एकदा वाचली.

"पट्टी उजवीकडून सोडू की डावीकडून?"