मालक कुठला यापेक्षा सौदा कसा

मार्च 2025 मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने ‘रिअल क्रिकेट’ हा मोबाइल गेम बनवणाऱ्या पुण्याच्या नॉटिलस मोबाइलचा ताबा घेतला, तेव्हा आपला खेळ परक्यांच्या हाती गेल्याची हळहळ स्टॉकहोमपर्यंत माझ्या कानावर आली. दोनच महिन्यांनी मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीजने ब्रिटनची कर्व्ह गेम्स विकत घेण्याचे जाहीर केले आणि हळहळणाऱ्यांपैकीच काहींचा ऊर अभिमानाने भरून आला. या दोन्ही भावना मी समजू शकतो, पण स्वीडनमध्ये राहून जे पाहिले त्यावरून मालकाच्या देशाला इतके महत्त्व द्यावे असे मला वाटत नाही.

‘माइनक्राफ्ट’ची मोजांग 2014 मध्ये अमेरिकेच्या मायक्रोसॉफ्टने 2.5 अब्ज डॉलरला घेतली, तरी ती आजही स्टॉकहोममध्येच काम करते आहे. उलट, कार्लस्टाडची एम्ब्रेसर ही अस्सल स्वीडिश गेम कंपनी. तिने स्वतःचे शेअर देऊन आणि कर्ज काढून एकामागून एक गेम बनवणारे स्टुडिओ घेतले. मे 2023 मध्ये 2 अब्ज डॉलरचा होऊ घातलेला करार फिसकटला, शेअर कोसळला आणि मग जी छाटणी सुरू झाली तिची झळ खरेदीच्या निर्णयाशी काडीचाही संबंध नसलेल्यांना बसली. अमेरिकेतील शॅम्पेन शहरातला व्होलिशन हा 1993 पासूनचा स्टुडिओ त्याच ऑगस्टमध्ये तडकाफडकी बंद झाला. गिअरबॉक्स या दुसऱ्या गेम कंपनीसाठी एम्ब्रेसरने 2021 मध्ये 1.3 अब्ज डॉलरपर्यंत मोजण्याची तयारी दाखवली होती. 2024 मध्ये ती 46 कोटी डॉलरला विकावी लागली.

म्हणूनच सप्टेंबर 2025 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही अमेरिकी गेम कंपनी विकत घेण्याचा 55 अब्ज डॉलरचा सौदा जाहीर झाला, तेव्हा मला सौदी गुंतवणुकीपेक्षा त्यातल्या 20 अब्ज डॉलरच्या कर्जाची अधिक धास्ती वाटली. या कंपनीचा डाइस स्टुडिओ इथे आहे, हैदराबादेतही तिचे कार्यालय आहे. स्वीडनमध्ये 1976 च्या कायद्यानुसार महत्त्वाच्या बदलाआधी मालकाला कामगार संघटनेशी बोलणी करावी लागतात आणि नोकरीच्या संरक्षणाच्या वेगळ्या कायद्यानुसार, नोकरीची वर्षे पाहून, सहा महिन्यांपर्यंत नोटीस द्यावी लागते. कपात त्याने टळत नाही, पण माणसाला सावरायला अवधी मिळतो.

पुण्यातल्या प्रोग्रॅमरला आणि चित्रकाराला असा अवधी मिळेल का, आणि विकत घेणाऱ्याने पैसा कुठून उभा केला, हे प्रश्न क्राफ्टनला विचारायला हवेत; तेच नझारालाही, कर्व्हच्या ब्रिटिश कर्मचाऱ्यांच्या वतीने.