१८२ दिवस बाहेर? घोळ तिथेच आहे, भाऊ

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं आणि तिसऱ्यांदा परदेशी राहणाऱ्यांच्या इथल्या आयकरावरचा माझाच जुना लेख उघडून बसावं लागलं. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. 'ताई, काऊन लोकाइले भेव दाखवून राह्यल्या तुम्ही?' अशी तुमची सुरुवात. मग एकामागोमाग एक: वर्षातले १८२ दिवस भारताबाहेर काढले की माणूस एनआरआय, विषय संपला. मस्कतला पगारावर कर नाही, तर नागपुरात कसला? बँकेने एनआरई, म्हणजे अनिवासींसाठीचं, खातं दिलंय, म्हणजे सरकारनेच मान्य केलंय. आणि १२० दिवसांचा बागुलबुवा आम्हा कर सल्लागारांनी फीसाठी उभा केलाय. खाली सही, 'एक वैतागलेला नागपूरकर'.

आधी माझी चूक. मागच्या लेखात मी एक वाक्य असं लिहिलं होतं की वर्षात भारतात १२० दिवस ओलांडले की परदेशातला पगारही इथे करपात्र होतो. ते चुकीचं होतं. तुम्ही ते पकडलंत, बरं केलंत. १२० ते १८१ दिवसांच्या पट्ट्यात जो अडकतो (कोण अडकतो ते पुढे सांगते) तो करासाठी रहिवासी होतो खरा, पण आमच्या भाषेत 'आरएनओआर', म्हणजे रहिवासी असूनही 'सामान्यतः रहिवासी नसलेला'. त्याने परदेशात काम करून मिळवलेल्या पगारावर इथे कर लागत नाही. परदेशातल्या धंद्याची सूत्रं भारतात बसून हलवत असेल, तर त्या धंद्याचं उत्पन्न मात्र लागतं. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे आणि ती कोणामुळे केली तेही लिहिलं आहे.

आता तुमच्याकडे वळते. १८२ दिवस भारताबाहेर, हे सूत्र मी लग्नाच्या पंगतीत, विमानतळावर, व्हॉट्सअॅपवर इतक्यांदा ऐकलंय की ते कायद्यात असं नाहीच हे सांगताना मलाच संकोच होतो. कायदा बाहेरचे दिवस मोजतच नाही, आतले मोजतो. आर्थिक वर्षात भारतात १८२ किंवा जास्त दिवस असलात तर रहिवासी. म्हणजे अनिवासी व्हायचं तर आत जास्तीत जास्त १८१. आता ३६५ मधून १८१ वजा करा. १८४ येतात. तुमच्या सूत्राप्रमाणे बरोबर १८२ दिवस बाहेर काढून आलेला माणूस भारतात १८३ दिवस राहिलेला असतो, आणि निवांतपणे रहिवासी झालेला असतो. २०२३-२४ सारख्या ३६६ दिवसांच्या वर्षात तर बाहेर १८५ दिवस हवेत.

त्यात येण्याचा दिवस आणि जाण्याचा दिवस असे दोन्ही भारतात धरले जातात, निदान आयकर खातं तरी तसंच धरतं. न्यायाधिकरणाच्या काही निकालांत येण्याचा दिवस सोडलेलाही आहे, पण त्या भरवशावर तिकीट काढू नये. आणि तारीख कोणती? तुम्ही मुंबईमार्गे येता. मुंबईला रात्री साडेअकराला इमिग्रेशनच्या खिडकीवर शिक्का पडतो, पुढचं नागपूरचं विमान पहाटेचं, सोनेगावला आई-बाबा घ्यायला येतात तेव्हा तारीख बदललेली असते. घरच्यांच्या लेखी तुम्ही १२ तारखेला आलात, पासपोर्टच्या लेखी ११ ला.

याची गंमत मी घरात भोगली आहे. माझा धाकटा दीर दोह्याला असतो. २०२२-२३ साली सासूबाई पडल्या, मांडीचं हाड मोडलं, म्हणून तो ३ जूनला आला आणि १४ ऑगस्टला गेला. पुन्हा २४ जानेवारीला आला, १२ मार्चला परतला. त्याच वर्षी त्याने बेसा रस्त्यावरचा प्लॉट विकला. 'वहिनी, एकशे एकोणीस दिवस होतात, एक दिवस हातात ठेवून गेलो,' असं त्याने मोठ्या ऐटीत फोनवर सांगितलं. पासपोर्टवरचा एक शिक्का असा पुसट की ३ आहे की ८ हे भिंगातूनही कळेना. शेवटी उपयोगी पडलं ते स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. सासूबाई दुधाचा हिशेब तारखेच्या चौकोनात लिहितात. २ जूनपर्यंत रोज 'एक', आणि ३ जूनपासून 'दोन'. मुलगा आला की दूध वाढतं. खात्यासमोर हा पुरावा म्हणून चालला नसता, तिथे बोर्डिंग पासच लागतो, पण ईमेलमध्ये कोणतं तिकीट शोधायचं हे त्या 'दोन'ने सांगितलं. कालनिर्णय डिसेंबरमध्ये संपतं आणि कराचं वर्ष मार्चमध्ये, म्हणून दुसऱ्या सालचं कालनिर्णयही माळ्यावरून काढावं लागलं. मोजून पाहिलं: पहिल्या खेपेचे ७३, दुसरीचे ४८, एकूण १२१. दिराने दोन्ही वेळा एका तारखेतून दुसरी वजा केली होती, त्यामुळे प्रत्येक खेपेला एक दिवस पडला.

आता हे १२० कुठून आले? मूळ नियम ६० दिवसांचा आहे: वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असाल तर रहिवासी. परदेशात राहणारा भारतीय नागरिक किंवा भारतीय वंशाचा माणूस भेटीला आला तर त्याला या ६० च्या जागी १८२ ची सवलत होती. २०२० च्या वित्त कायद्याने ती सवलत कमी केली, पण सगळ्यांची नाही. परदेशी स्रोतांचं सोडून बाकीचं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल त्यांनाच १८२ ऐवजी १२०. आणि चार वर्षांतल्या ३६५ ची अट तिथेही कायम आहे. दरवर्षी दीड महिन्याच्या रजेवर येणाऱ्याचे चार वर्षांत १८० दिवस होतात. तो या जाळ्यात येतच नाही. माझ्या लेखात ही अट एका ओळीत उरकली होती, त्यामुळे वाचणाऱ्याला धडकी भरली असेल तर तुमचा तो राग रास्त आहे. दिराचे चार वर्षांचे ३८० भरले, कारण टाळेबंदीच्या वर्षात तो जवळजवळ सहा महिने धरमपेठेत अडकला होता.

'माझं इथलं भाडं चार लाख, १५ लाखांशी माझा काय संबंध?' असं तुम्ही विचारलंय. भाड्यापुरतं बरोबर. पण प्लॉट किंवा फ्लॅट विकला की तो नफाही त्याच १५ लाखांत मोजला जातो. एरवी तीन-चार लाखांवर असणारा माणूस त्या एका वर्षात उडी मारून पलीकडे जातो, आणि आपल्याकडे जमीन विकायला मालक बहुतेकदा स्वतःच येतो, रजिस्ट्रीच्या तारखा पुढे ढकलल्या जातात, मुक्काम लांबतो. म्हणजे उत्पन्नही त्याच वर्षी वाढतं आणि दिवसही.

मस्कतच्या मुद्द्यावर मात्र तुम्ही सगळ्यात जास्त चुकताय. 'तिथे कर नाही' ही तुमची ढाल आहे असं तुम्हाला वाटतं. २०२० साली १९६१ च्या आयकर कायद्यात एक पोटकलम आलं, ६(१क): भारतीय नागरिक, परदेशी स्रोतांखेरीजचं उत्पन्न १५ लाखांच्या वर, आणि वास्तव्यामुळे दुसऱ्या कोणत्याही देशात करपात्र नाही, असा माणूस भारतात रहिवासी मानला जातो. दिवसांची अट नाही. वर्षभरात एकदाही नागपूरचं तोंड पाहिलं नाही तरी. माझ्या दिराचं हसं इथे झालं. आम्ही दोघांनी दोन रात्री दुधाचे आकडे मोजून १२१ काढले, आणि मग लक्षात आलं की दोह्यातही पगारावर कर नसल्याने, प्लॉट विकल्यामुळे तो शून्य दिवसांतही रहिवासीच होता. आरएनओआरच, त्यामुळे दोह्याचा पगार सुटला. रिटर्नमध्ये एका चौकोनातली खूण बदलली, इतकंच. बाऊ करण्यासारखं काही नव्हतं, हे तुमचं म्हणणं त्याच्या बाबतीत खरं ठरलं.

सरकारचा डोळा आखातातल्या घामावर आहे, असंही तुम्ही लिहिता. १ फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पातला मसुदा वाचून तसं वाटणं स्वाभाविक होतं. त्यात १५ लाखांची मर्यादा नव्हती, १२० दिवस सरसकट सगळ्यांना होते. केरळपासून ओरड झाली, आणि दुसऱ्याच दिवशी खुलासा आला की आखातात राबणाऱ्यांच्या तिथल्या कमाईवर कर लावायचा हेतू नाही. मार्चमध्ये विधेयक मंजूर होताना १५ लाखांची अट आणि आरएनओआरचा दर्जा त्यात घातला गेला. अर्धी लढाई तुम्ही लोकांनी जिंकलीच आहे. आणि ओमानचं म्हणाल, तर २०२५ च्या राजाज्ञेने तिथेही वैयक्तिक आयकर येतोय: जानेवारी २०२८ पासून, ४२,००० रियालच्या वरच्या उत्पन्नावर ५ टक्के. आखातात असं करणारा तो पहिला देश. तेव्हा ६(१क) चं गणित मस्कतकरांसाठी नव्याने मांडावं लागेल.

कोरोनात सरकारने दिवस माफ केले, मग आईच्या आजारपणात का नाही करणार, असं तुम्ही विचारता. माफ केले होते, पण किती? ८ मे २०२० च्या परिपत्रकात २०१९-२० या वर्षापुरते, टाळेबंदीत अडकलेल्यांना २२ ते ३१ मार्च हे दहा दिवस. पुढच्या वर्षासाठी सरसकट माफी मिळाली नाही, दुहेरी कर बसत असेल तर अर्ज करा एवढंच म्हटलं गेलं. आजारपण, लग्न, बाळंतपण यांसाठी कायद्यात सूट नाही. निष्ठुर आहे, पण आहे.

बँकेचा मुद्दा पटकन. एनआरई खातं फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली मिळतं. तो वेगळा कायदा, तिथे तुम्ही कशासाठी बाहेर गेलात हे पाहतात. आयकराला त्या खात्याशी देणंघेणं नाही. उलट यात तुमचा फायदाच आहे: एनआरईच्या व्याजाची करमाफी फेमाच्या दर्जावर ठरते, त्यामुळे एखाद्या वर्षी आयकराच्या लेखी रहिवासी झालात तरी ती आपोआप जात नाही. कायमचे परत आलात की मात्र बँकेला सांगून खातं बदलून घ्यायचं. ते न करता पाच वर्षं बिनकराचं व्याज खाणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांना आलेल्या नोटिसाही.

आणि फीचं म्हणाल तर... ज्या गावात छिंदवाडा रोडवरच्या अकादमीत देशभरातले आयकर अधिकारी शिकून जातात, त्या गावात राहून लोकांना खोटी भीती घालायला हिंमत लागते, माझ्यात तेवढी नाही.

तुमच्या प्रतिक्रियेतल्या एका ओळीची मला खरी काळजी वाटली, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिलीत: 'सुट्टीत घरून लॅपटॉपवर दोन महिने काम केलं तर काय गुन्हा?' गुन्हा नाही. पण पगार कुठला मानायचा, हे काम कुठे बसून केलं त्यावर ठरतं. मनीषनगरच्या गच्चीवर बसून मस्कतच्या कंपनीचं काम केलंत तर त्या दिवसांचा पगार भारतात मिळवलेला धरतात, पैसे मस्कतच्या बँकेत जमा झाले तरी. एनआरआय असा की आरएनओआर, यात फरक नाही. यातून सुटायला दोन देशांमधल्या करारात वाट असते: मालक परदेशी, पगाराचा बोजा इथल्या कोणत्या कार्यालयावर नाही, मुक्काम ठरावीक दिवसांच्या आत. पण करार वापरायचा तर तुम्ही ओमानचे रहिवासी असल्याचा दाखला लागतो, आणि भारत त्याच वर्षी तुम्हाला आपला रहिवासी म्हणत असेल तर तिथेच वाद सुरू होतो. तुम्हाला निरुपयोगी वाटणारा तो रहिवाशाचा दर्जा नेमका इथे आडवा येतो.

आता तुमचंच गणित. मे-जूनमध्ये ४० दिवस येऊन गेलात. २० नोव्हेंबरला बाबांच्या पंचाहत्तरीसाठी येणार आणि २६ फेब्रुवारीला परतणार, म्हणजे ११, ३१, ३१ आणि २६ मिळून ९९. एकूण १३९. भाडं चार लाख, बाकी इथे काही नाही, तर तुमची मर्यादा १८२ ची. तुम्ही एनआरआय आहात, निर्धास्त या. लॅपटॉप मात्र शक्यतो मस्कतलाच ठेवा, आणला तर कोणत्या तारखांना काम केलं ते लिहून ठेवा.

एकच गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत. मनीषनगरचा फ्लॅट 'गिऱ्हाईक मिळालं तर काढून टाकू' म्हणता, तो तुमच्या नावावर आहे की बाबांच्या? तुमच्या नावावर असेल तर ताबा आणि विक्रीपत्र ३१ मार्चच्या आधी होणार की नंतर, आणि मागच्या चार वर्षांत किती दिवस इथे होतात, एवढं इसार घेण्यापूर्वी कळवा. पासपोर्टचे शिक्के पुसट असतील तर आईला दुधाचा हिशेब विचारा.

तुमची,
ताई

(फी नाही. पोहे मात्र तर्रीसकट लागतील.)